वकीलकाकू, त्या वीस पौंडांबद्दल आभार

प्रिय वकीलकाकू,
सप्रेम नमस्कार.

पाचपाखाडीच्या आपल्या वाचनगटात मी थॉमस हार्डीच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’वर तणतणले, तेव्हा बाकीच्यांनी ‘अगं, जुना काळ तो’ म्हणत विषय गुंडाळला. तुम्ही मात्र गोखले रोडपर्यंत चालता चालता माझी उलटतपासणी घेतलीत. त्याचे हे जाहीर आभार.

माझी तक्रार अशी होती. कादंबरीची नायिका बाथशिबा एव्हरडीन काकाची शेती हाती येताच चोरटा कारभारी हाकलते, मजुरांना स्वतःच्या हाताने पगार देते, धान्यबाजारात पुरुषांच्या घोळक्यात तळहातावर दाणे दाखवून भाव करते. नवऱ्याशिवाय नवरी होता आलं तर माझी ना नाही, असं मागणी घालणाऱ्याच्या तोंडावर सांगते. अशी बाई सार्जंट ट्रॉयच्या तलवारीच्या करामतींवर भाळते, त्याच्याशी लग्न करते आणि मग नुसती सोसत बसते! इतकी उभी केली कशाला, मग?

तुम्ही एवढंच विचारलंत, “ट्रॉय वीस पौंड मागतो, ते प्रकरण नीट वाचलंस का?”

घरी येऊन पुन्हा काढलं. पैसे घोड्यांच्या शर्यतीसाठी हवेत, असं तिला वाटतं. ती लाडीगोडी लावून बघते, रुसते, शेवटी घरखर्चातले काढून देते. कादंबरी १८७४ची. तुम्ही सांगितलंत, इंग्लंडात १८७०च्या कायद्याने बायकोची कमाई तिची झाली, पण बाकी मालमत्तेवरचा पुरता हक्क यायला १८८२ उजाडलं. म्हणजे आधी वेगळी तजवीज केली नसेल तर लग्न लागलं की गंज्या, मेंढ्या, रोकड सगळं ट्रॉयचं. वादळाच्या रात्री मजुरांना ब्रँडी पाजून झोपवतो तो मालक म्हणूनच. ती मूर्ख असेलही. पण तिच्या मूर्खपणाला किंमत कायद्याने लावली होती.

आणि जाता जाता म्हणालात, त्याच १८७४ साली आपल्याकडे मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अॅक्ट, म्हणजे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, झाला. त्याचं कलम ६ मी वागळे इस्टेटमधल्या विम्याच्या ऑफिसात रोज हाताळते! (हिंदूंना ते १९२३च्या दुरुस्तीने लागू झालं, हे मात्र मला तुमच्याकडूनच कळलं.) विम्याच्या फॉर्मवर ‘एमडब्ल्यूपी’ची, म्हणजे याच कायद्याची, खूण केली की पॉलिसीचा पैसा बायकोमुलांचा, नवऱ्याच्या सावकाराने त्याकडे बघायचं नाही.

परवा एक गृहस्थ म्हणाले, “कशाला ती खूण, पैसे उगाच अडकतात.” बायको शेजारीच पर्स मांडीवर घेऊन गप्प बसली होती. मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि कलम तिला समजावून सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे.

तिला पहिली मागणी घालणाऱ्या मेंढपाळ गॅब्रिएल ओकवरून मात्र आपलं जमायचं नाही, काकू. तुम्हाला तो भला माणूस वाटतो. पहिल्याच प्रकरणात, ती आरशात बघते म्हणून नावं ठेवणारा हा माणूस, आणि शेवटी ती त्याच्याच पदरात? मला नाही पटत. पुढच्या वेळी भांडू. चहा माझ्याकडून.

तुमची,
विम्यातली वाचक