सावलीत काळा मिसळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पिक्सेल आर्टवर (छोट्या चौकोनी ठिपक्यांनी रंगवलेल्या डिजिटल चित्रांवर) लेख आला, याचा आनंद आहे. पण सावलीसाठी ‘मूळ रंग घेऊन ब्राइटनेस कमी करा’ हा त्यातला सल्ला पटला नाही. नवशिक्यांची चित्रं मळकट दिसतात ती बहुतेकदा याचमुळे.

भर उन्हातल्या सावलीत सूर्याचा थेट प्रकाश नसतो, पण निळ्या आकाशाचा असतोच. म्हणून सावली निळसर-जांभळट आणि उजेडाची बाजू पिवळसर दिसते. रंग गडद करताना ह्यूसुद्धा (रंगचक्रावरची रंगाची जागा, अंशांत) फिरवायचा तो यासाठी. असेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये एचएसव्हीचे, म्हणजे ह्यू, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि व्हॅल्यू (उजळपणा) यांचे आकडे हाताने टाकता येतात. पानाचा हिरवा ह्यू ११०, सॅच्युरेशन ६०, व्हॅल्यू ६५ असेल, तर सावलीला १४०-६२-४६, सर्वांत गडद जागी १७५-५५-३० आणि उन्हाच्या कडेला ८०-५५-८४ घ्या. १६ × १६ पिक्सेलच्या चित्राला एवढ्या चार छटा पुरतात. दर पायरीला ह्यू १५ ते ३५ अंश फिरवावा. त्याहून जास्त फिरवला की पान राहतं बाजूला, इंद्रधनुष्य होतं.

पिवळा मात्र फसवतो. झेंडूचा ४८-८५-९७ नुसता गडद केला तर शेवाळी होतो, हिरव्याकडे वळवला तर फूल कच्चं, आजारी दिसतं. तो नारिंगीकडून उतरवावा: ३०-८५-८२, मग १२-७८-५८.

व्हॅल्यूच्या आकड्यावर विसंबू नये, हेही लेखात हवं होतं. व्हॅल्यू १०० चा निळा डोळ्याला १०० च्या पिवळ्यापेक्षा कितीतरी गडद लागतो. त्यामुळे छटा ठरल्या की चित्र एकदा कृष्णधवल करून पाहावं. दोन पायऱ्या एकच दिसल्या तर त्यातली एक बदलावी.

रंग मोजकेच असतील तर गडद छटा वाटून घ्यायची. पिको-८ या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या पॅलेटमध्ये ठरलेले १६ च रंग. तिथे लाल गडद जांभळ्यातून गडद निळ्यावर येतो आणि हिरवा गडद हिरव्यातून त्याच निळ्यावर. फूल आणि पान एकाच उजेडात आहेत असं वाटतं ते या सामाईक निळ्यामुळे.

अर्थात हे उघड्यावरचं गणित झालं. बंद खोलीत समईच्या उजेडात निळं आकाश नसतं; तिथली सावली तांबूस-तपकिरीच ठेवावी.

एक विनंती. पुढच्या लेखाची चित्रं जेपीजीऐवजी पीएनजीमध्ये घ्या आणि ४०० किंवा ८०० टक्के अशा पूर्ण पटीतच, ‘निअरेस्ट नेबर’ (मधले नवे रंग न बनवता पिक्सेल तसेच मोठे करणारा) पर्याय निवडून मोठी करा. जेपीजीत शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत उतरतात आणि ह्यूमधला हा बारीक फरक सर्वांत आधी जातो.

– एक वाचक, पुणे