'कॉलिन्स वाचला असता तर' हा प्रश्न उशिराचा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जर-तरच्या लेखमालेत आयर्लंडवरचा लेख वाचला. २२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल न ब्ला येथे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स मारला गेला नसता तर आयर्लंड भाऊबंदकीतून वाचले असते, असा लेखकाचा सूर आहे. पण त्या दिवशी ब्रिटनशी झालेल्या तहाचे समर्थक आणि विरोधक यांच्यातली यादवी सुरू होऊन आठ आठवडे झाले होते. कॉलिन्स जगला असता तर ती कदाचित लवकर मिटली असती. ती टळण्याची वेळ मात्र केव्हाच निघून गेली होती. ती वेळ मे-जून १९२२ ची होती, आणि लेखात तिला दोन ओळीही मिळालेल्या नाहीत.

ब्रिटिश साम्राज्यात राहून स्वराज्य देणाऱ्या ६ डिसेंबर १९२१ च्या त्या तहाला आयरिश संसदेने ७ जानेवारीला ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्यता दिली. आज आश्चर्य वाटते, पण त्या चर्चेत उत्तरेच्या सहा परगण्यांच्या फाळणीवर फार थोडे बोलले गेले. खरी झुंज झाली ती राजाशी निष्ठेच्या शपथेवरून. कॉलिन्स म्हणत होता, या तहाने पूर्ण स्वातंत्र्य मिळत नाही, ते मिळवण्याचे स्वातंत्र्य मिळते. आपल्याला हा विचार परका वाटू नये. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वेळी टिळकांनी प्रतियोगी सहकारिता मांडली, ती याच जातीची: पदरात पडेल ते घ्यावे, राबवावे आणि उरलेल्यासाठी भांडत राहावे. 'होमरूल' हा शब्दही आपल्याकडे आयर्लंडहूनच आला. तहविरोधकांचा नेता डी व्हॅलेरा आणि त्याच्या बाजूच्यांना हे मान्य नव्हते. ज्या प्रजासत्ताकाची शपथ घेतली, ते मोडून दुसरी शपथ घ्यायची कशी, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात, आणि म्हणूनच हा इतिहास वाचताना जीव कळवळतो.

२० मे १९२२ रोजी कॉलिन्स आणि डी व्हॅलेरा यांनी समझोता केला. शिन फेन या दोघांच्या राष्ट्रवादी पक्षाच्या दोन्ही गटांनी आपापल्या बळानुसार एकत्र उमेदवार उभे करायचे आणि निवडणुकीनंतर संयुक्त मंत्रिमंडळ बनवायचे, असे ठरले. त्याच सुमारास कॉलिन्सच्या देखरेखीखाली तयार झालेला राज्यघटनेचा मसुदा लंडनला गेला. त्यात शपथ नव्हती आणि राजाला जेमतेम जागा होती. तहाच्या चौकटीत बसेल आणि प्रजासत्ताकवाद्यांनाही गिळता येईल, असा तो कागद होता. ब्रिटिश पंतप्रधान लॉईड जॉर्जच्या सरकारने तो फेटाळला. आयर्लंडला एवढी सूट दिली तर उद्या हिंदुस्थान आणि इजिप्तही तीच मागतील, ही धास्ती त्यामागे होती असे मला वाटते. शपथ घालून दुरुस्त केलेली घटना १६ जूनला, मतदानाच्या दिवशीच सकाळी छापून आली. समझोत्यातला प्राण तेव्हाच गेला.

माझा 'जर' इथे आहे. लंडनने तो मसुदा जसाच्या तसा स्वीकारला असता तर? डी व्हॅलेराला मंत्रिमंडळात यायला अडसर उरला नसता. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत ठाण मांडून बसलेल्या तहविरोधी रोरी ओ'कॉनर आणि त्याच्या साथीदारांच्या मागे मग जनतेतले किती जण राहिले असते?

हे स्वप्नरंजन नाही, कारण शपथेचे पुढे काय झाले ते आपल्यासमोर आहे. १९२७ मध्ये डी व्हॅलेराने स्वतः संसद सदस्यांच्या शपथेच्या वहीत सही केली आणि शपथ म्हणजे निव्वळ पोकळ शब्द असल्याचे सांगितले. १९३२ मध्ये तो सत्तेवर आला, तेव्हा यादवी जिंकलेल्या बाजूच्या सरकारचा प्रमुख कॉसग्रेव्ह याने शांतपणे त्याच्या हाती कारभार दिला. १९३३ मध्ये शपथ कायद्याने रद्द झाली. १९३८ मध्ये ब्रिटिशांनी आपल्याकडे ठेवलेली बंदरे परत मिळाली, १९४९ मध्ये प्रजासत्ताक झाले. एकाही टप्प्यावर गोळी चालली नाही. कॉलिन्सची वाट खरी होती हे त्याच्या विरोधकानेच चालून दाखवले. पण मधल्या काळात सुमारे दीड हजार माणसे गेली होती.

आणखी एक 'जर' आहे, त्याची मला भीती वाटते. २२ जून १९२२ ला लंडनमध्ये ब्रिटिश लष्कराचा माजी प्रमुख फील्डमार्शल विल्सन याचा खून झाला आणि त्याचा ठपका फोर कोर्ट्समधल्यांवर ठेवून ब्रिटिश मंत्रिमंडळाने फोर कोर्ट्सवर स्वतःचे सैन्य घालण्याचा हुकूम काढला. आयर्लंडमधील ब्रिटिश सैन्याचा सेनापती जनरल मॅक्रेडी याने चालढकल केली, म्हणून तो बेत रद्द झाला. तो अमलात आला असता तर दोन्ही आयरिश गट बहुधा पुन्हा एक झाले असते. यादवी टळली असती आणि इंग्लंडशी युद्ध पुन्हा पेटले असते. उत्तरेचेही तसेच. त्या वसंतात सीमेपलीकडे, ब्रिटिशांकडे राहिलेल्या सहा परगण्यांत, हल्ले करण्याचा बेत दोन्ही गटांनी मिळून आखला होता. यादवी झाली नसती म्हणजे सगळीकडे शांतताच नांदली असती, असे समजण्याची घाई कोणी करू नये.

तरीही जे झाले त्याहून वाईट काय असते, हे मला सुचत नाही. २८ जूनच्या पहाटे ब्रिटिशांकडून उसन्या घेतलेल्या तोफांनी आयरिश सरकारच्या सैनिकांनी फोर कोर्ट्समधल्या आयरिश माणसांवर मारा सुरू केला. ३० तारखेच्या स्फोटात आवारातले सार्वजनिक अभिलेखागार जळाले. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांची बहुतेक कागदपत्रे त्यात नष्ट झाली. म्हणजे १८४५ च्या महादुष्काळाआधी कोणत्या घरात कोण राहत होते, याची नोंदच गेली. भुकेने मेलेली माणसे दुसऱ्यांदा पुसली गेली. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. ही गोष्ट वर्गात सांगताना दरवेळी माझा आवाज कापरा होत असे.

रोरी ओ'कॉनर ऑक्टोबर १९२१ मध्ये तहाच्या बाजूच्या केव्हिन ओ'हिगिन्सच्या लग्नात वराचा पाठराखा होता. ८ डिसेंबर १९२२ रोजी ओ'हिगिन्स मंत्री असलेल्या सरकारने त्याला तिघा साथीदारांसह खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. चौघेही जूनपासून तुरुंगात होते. आदल्या दिवशी झालेल्या एका संसद सदस्याच्या खुनाचा तो बदला होता. १९२७ मध्ये ओ'हिगिन्सलाही मारण्यात आले. तहाच्या दोन बाजूंतून निघालेले फिअना फॉल आणि फिन गेल हे पक्ष एका सरकारात बसायला २०२० साल उजाडावे लागले.

लेखमालेत आयर्लंडचा दुसरा भाग येणार असेल तर जानेवारी ते जून १९२२ या सहा महिन्यांवर सविस्तर लिहावे, ही विनंती. आणि १६ जूनच्या निकालात मजूर पक्षाचे १८ पैकी १७ उमेदवार निवडून आले, त्यावर एखादा परिच्छेद तरी असावा. शपथेच्या भांडणात न पडता पोटापाण्याच्या प्रश्नांवर मत देणारी ती माणसे कोण होती, हे वाचायला मला फार आवडेल.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका