आईसाठी हेल्मेट पाठवतेय

पणजी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "मी कुठे वेगात जातो? काटा चाळीसच्या वर जात नाही." मान्य. पण साखळीच्या बाजारातून परतताना आतल्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागता, तेव्हा तुम्ही थांबत नाही, नुसती मान वळवता. साठने येणारा सेकंदाला सतरा मीटर पुढे सरकतो. तुम्हाला पाहून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढा सेकंद गेलेला असतो, गाडी थांबणं त्यानंतरचं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं.

आपल्याकडे कोणी गेला की तेराव्यापर्यंत रस्त्याला शिव्या. खड्डे आहेत, रात्री रस्त्यात बसलेली गुरंही आहेत, मीही चरफडत चुकवते. पण केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली. त्यातली शंभरातली एकाहत्तर अतिवेगाने, आणि बहुतेक अपघात सरळ रस्त्यावरचे! रस्ता गुळगुळीत झाला की आपला हात आणखी पिळतो. भाड्याच्या स्कूटरवरच्या पर्यटकांना नावं ठेवणं सोपं. वळसा नको म्हणून उलट्या बाजूने येणारे मात्र आपलेच गाववाले असतात.

धाकट्याला एवढंच सांगा, लग्नातून येताना "दोनच घेतले" असं म्हणायचं नाही, सरळ कोणाच्या तरी गाडीत बसायचं.

आई, आता तुझं. हेल्मेट चालवणाऱ्याचं, ही तुझी समजूत चुकीची. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही ते लागतं. त्याच वर्षी हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेल्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. तू तर एका बाजूला पाय सोडून बसतेस, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने पदर. धरणार कशाला? अंबाडा आत मावत नाही हे खरं, मी घालून पाहिलं. तेव्हा मानेवर सैल वेणी घाल, आणि अबोलीची फाती देवळाच्या पायरीवर पोचल्यावर माळ. पिशवी पुढे हुकाला. आयएसआय छापाचं पाठवतेय, हनुवटीखालचा पट्टा 'टक' वाजेपर्यंत लावायचा, नाहीतर आपटताना ते आधीच उडून जातं.

बाबा, स्कूटरचा मागचा टायर पार झिजलाय. चतुर्थीआधी बदलून घ्या, पैसे आजच पाठवते.

तुमची लेक