दळणाच्या डब्याबद्दल आभार

प्रिय फिजिओ मॅडम,

पहिल्या दिवशी मी तुला असंच म्हटलं होतं आणि तू म्हणालीस, "काकू, तुमच्या धाकट्या लेकीपेक्षा लहान आहे मी, अगं म्हणा." तेव्हा आता अगं-तुगं. तू गाव सोडून गेलीस, निघताना नीट बोलणंही झालं नाही. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. माझ्यासारख्या हात बांधून बसलेल्या चारचौघी वाचतील, तर तेही बरंच.

श्रावणात परसातल्या शेवाळावरून पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला लावली. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या मानाने आपलं हाड किती उणं आहे त्याचा आकडा, आला उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हे तेव्हा कळलं. पाळी जाऊन चौदा वर्षं झाली होती. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं फार भराभर झिजतात म्हणे. ती वर्षं मी पोरांच्या लग्नात घालवली, हाडांकडे कोण बघतंय!

रिपोर्ट आला आणि घरात माझं काचेचं भांडं झालं. सुनेने पाण्याची कळशी घेतली, लेकाने भाजीची पिशवी घेतली, ह्यांनी तर कुकर उचलायलाही बंदी केली. एका ओळखीच्या डॉक्टरांनीही "जपा, काही उचलू नका" एवढंच सांगितलं. चार महिने मी खिडकीत बसून जपले. त्या चार महिन्यांत मांड्या इतक्या गळाल्या की खुर्चीतून उठताना हात टेकायला लागायचा.

आणि तू आलीस ती विचारतेस काय, तर "काकू, दळणाचा डबा कुठाय?"

डब्यात तू एक किलो ज्वारी घातलीस आणि पडद्याचा दांडा माझ्या पाठीला उभा लावलास. डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकला पाहिजे, आणि तो न हलवता कंबर मागे ढकलत खाली जायचं. "मोरीतल्या पाटावर बसायला जाताय असं समजा." पहिल्यांदा दांडा डोक्यावरून सुटला, मग माकडहाडावरून. दहा-बारा वेळा तू तो पुन्हा लावलास. अकराव्या का बाराव्या वेळी डबा उचलला गेला आणि पाठीला काही म्हणता काही झालं नाही. मला रडू आलं होतं, तू दांड्याकडे बघत होतीस. दर आठवड्याला डब्यात पावशेर ज्वारी वाढायची, ती तू स्वतः मोजून घालायचीस.

भार पडला नाही की हाड आपलं आपण कमी होतं, हे तू अंतराळवीरांचं उदाहरण देऊन सांगितलंस. तिथे वर अंतराळात दर महिन्याला त्यांच्या खुब्याच्या हाडाचा एक टक्का तरी घटतो. मी खिडकीत बसून अंतराळातच होते म्हणायची!

सूर्यनमस्कारांवरून आपलं भांडण झालं ते आठवतंय? रथसप्तमीला १०८ घालणारी बाई मी, आणि तू म्हणालीस पुढे वाकायचं आसन बंद. पाठीची कमान करून वाकलं की मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि झिजलेला मणका तिथेच चेपतो. पश्चिमोत्तानासन, हलासन गेलं, झटक्याने कंबर पिळणं गेलं. आखूड केरसुणीही गेली, लांब दांड्याचा झाडू आला. आठ दिवस मी धुसफुसत होते. योगाच्या वर्गातल्या मैत्रिणींना अजून पटलेलं नाही. मी माझ्यापुरती मागे रेलायची आसनं, तीही बेताने, आणि ताडासन करते.

गोळ्यांची पिशवी तू पलंगावर ओतलीस तो दिवस तर विसरणं शक्य नाही. सहा वाजता थायरॉइडची गोळी, अर्ध्या तासाने चहाबरोबर कॅल्शियम, असं मी सहा वर्षं इमानेइतबारे करत होते. कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. "डॉक्टरांना विचारून घ्या," म्हणालीस, विचारलं, तर तेही हेच म्हणाले. माझं कॅल्शियम कार्बोनेटचं, ते जेवणाबरोबर घ्यायचं. मग कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत तू हिशोब मांडलास: पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, नाचणीच्या दोन भाकऱ्यांत साडेतीनशेच्या आसपास, दूध-दही-ताकाचे जवळपास तेवढेच, डाळ-भाजीचे शंभर. उरलं चारशे. "मग दोन गोळ्या कशाला?" डॉक्टरांनी एक बंद केली. ते पान मी फाडून फडताळाच्या दाराला आतून चिकटवलंय.

रक्तात डी जीवनसत्त्वाचा आकडा ११ होता, म्हणजे फारच कमी. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, असे आठ आठवडे, मग महिन्याला एक. आमच्या शेजारणीने ती पुडी ताकद येते म्हणून रोज घ्यायला सुरुवात केली होती. तू जिना उतरून तिला थांबवायला गेलीस, कारण जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं. आणि माझं ते सकाळचं कोवळं ऊन! आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात डी फारसं तयार होत नाही, काचेआडून तर नाहीच. आता अकराच्या सुमारास वीस मिनिटं गच्चीत पापड राखायला मी बसते.

तू खोटी आशा कधी लावली नाहीस. "हाडाचं मुख्य काम डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेली आठवड्याची गोळी करणार, व्यायामाचं काम तुम्हाला पडू न देण्याचं," असं म्हणायचीस. मनगट नि खुबा मोडतो तो बहुतेक पडल्यावरच. म्हणून चहा उकळेपर्यंत ओट्याला एक बोट लावून बगळ्यासारखं उभं राहायचं. सुरुवातीला चार सेकंद टिकले होते, आता पंचवीस. नातू मोठ्याने मोजतो आणि मुद्दाम हसवतो.

दीड वर्षाने पुन्हा डेक्सा केली, उणे २.९. एवढा फरक यंत्राच्या कमी-जास्तातही बसतो असं डॉक्टर म्हणाले, पण घसरण थांबली याला तेही चांगलंच म्हणाले. तुला सांगायची खरी बातमी वेगळीच आहे. परवा गिरणीवाला म्हणाला, "काकू, राहू द्या, पोरगं घरी पोचवेल." मी दांडा आठवून कंबर मागे ढकलली, डबा उचलला आणि दोनदा टेकवून का होईना, घरी आणला. ह्यांनी दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाले.

आता एक अडचण आहे. साडेसहा किलोच्या पुढे त्या डब्यात ज्वारी मावत नाही. फोन करून सांग, काय भरू?

तुझी,
काकू