चौकटीला पाइन नको

बेंड, ऑरेगन, अमेरिका

ती. आई-बाबांना शि. सा. न.

मी मजेत आहे. आई, वणव्याच्या बातम्या पाहून घाबरू नकोस. इथे घराला लागून पाच फूट जळाऊ काही ठेवत नाहीत, पाइनच्या गळलेल्या सुया ओढून काढतात, खालच्या फांद्या छाटतात. इथला पाइन म्हणजे पाँडेरोसा, जुन्या झाडाची साल जाड. जमिनीवरून जाणारी आग त्याला सहसा मारत नाही, शेंड्याला लागली तरच घात.

या पाँडेरोसाला लोक नाक लावून उभे राहतात! त्याचीही रीत आहे. शंभरी ओलांडलेलं झाड निवडायचं, तरण्याची साल काळपट असते. जुन्याची नारिंगी-पिवळी, मोठमोठ्या खवल्यांची. उन्हाने तापलेली बाजू बघायची, दोन खवल्यांमधल्या भेगेत नाक घालून दमाने श्वास घ्यायचा. व्हॅनिलासारखा वास येतो. आमचे साहेबसुद्धा असं करतात, कुणी हसत नाही.

बाबा, दाराच्या चौकटीला पाइन घालू नका, स्वस्त पडलं तरी. लाकूड चांगलंच आहे: हलकं, सरळ रेषांचं, रंध्याखाली लोण्यासारखं. आमच्याकडे खिडक्या-दारं त्याचीच होतात. भट्टीत ओल 8 ते 12 टक्क्यांवर आणतात, आणि तापमान 70 अंशांच्या वर नेतात म्हणजे राळ आतच घट्ट बसते. नाहीतर उन्हात रंगातून पाझरते. गाठींवर रंगाआधी लाखेच्या पॉलिशचा हात हवाच. उन्हाळ्यात ओंडके पडून राहिले की बाहेरच्या पांढऱ्या भागात बुरशीचे निळे पट्टे उठतात. ताकद फारशी जात नाही, भाव जातो.

पण हा पांढरा भागच झाडात फार रुंद, आणि औषध दाबाने मुरवल्याशिवाय तो ओलीत कुजतो, वाळवीही सोडत नाही. शिवाय एवढं वाळवलेलं लाकूड कोकणच्या पावसात पुन्हा पाणी ओढून फुगणार, झडप अडकणार. आतलं कपाट, फळ्या खुशाल करा. चौकट आणि उंबरा सागाचाच. सुतार काही म्हणो.

त्यासाठी आईच्या खात्यावर ऐंशी हजार टाकलेत. मला इथे काही कमी नाही, उगाच परत पाठवू नका. लग्नाचं म्हणाल तर फोटोतला मुलगा बरा वाटतो, पण पुढच्या वर्षापर्यंत त्या लोकांना थांबवा. चतुर्थीला याही वर्षी रजा नाही. आई, रागावली असशील, ठाऊक आहे. मोदकांचा साचा-बिचा काही पाठवू नकोस, इथे मिळतं सगळं. आजीला नवा चश्मा त्याच पैशांतून करा.

आणि सुताराला चौकट बसेपर्यंत निम्म्याहून जास्त देऊ नका.

तुमची,
मनू