गोळी चालू, तपासणी बंद

महोदय,

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासाठी ११ वर्षांपासून ओलॅन्झापिनची गोळी घेतो. गोळीमुळेच तो सावरला, पुन्हा केळीच्या बागेत राबू लागला, हे आधी सांगते. पण वजन वाढत गेलं, तहान वाढली. आम्ही म्हटलं, जळगावचं ऊन. पायाची जखम भरेना तेव्हा साखर तपासली, ती ३०० च्या वर! इतक्या वर्षांत त्याला कुणी वजनकाट्यावरही उभं केलं नव्हतं. जुनी चिठ्ठी दाखवायची, गोळ्या घ्यायच्या, परतीची एसटी गाठायची, एवढंच.

या औषधांनी साखर आणि चरबी वाढू शकते. काहींचे ओठ, जीभ कालांतराने आपोआप हलू लागतात. गावात या हालचालींना चाळे म्हणून हिणवतात, याचं फार वाईट वाटतं. वेळीच कळलं तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करू नये, आजार उलटतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यांत या रुग्णांच्या केसपेपरवर वजन, कंबर, साखर असे रकाने छापावेत आणि ते नेमाने भरावेत.

– एक बहीण, चोपडा