मागच्या बाकावर येऊन बसलेल्या सरांना

सर नमस्कार,

फोनवर तुम्ही बोलूच देत नाही, "असूदे की टीचर, त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसाचं विचारता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलेय, रागवायचं तर रागवा. नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी हायस्कूलमध्ये येऊन बसणारे रिटायर्ड सायन्सचे सर म्हटलं की कळणाऱ्यांना कळेल.

मी गेस्ट टीचर. दहावीचं सायन्स अंगावर पडलं तेव्हा मदत मागायला कुणाकुणाकडं नाही गेले! एकानं सांगितलं नोट्स द्या आणि पाठ करून घ्या, एसएसएलसीचा पेपर 80 मार्कांचा, वरचे 20 इंटर्नल म्हणजे आपल्याच हातात, कशाला डोक्याला ताप. दुसऱ्यानं जुन्या प्रश्नपत्रिकांची पीडीएफ पाठवली, ती पण धड उघडंना. आणि ते एक ट्रेनिंग, विषय काय तर कृतीतून विज्ञान, आणि दिवसभर आम्ही खुर्चीत बसून स्लाइडी बघतोय, कृती म्हणाल तर चहाचा कप उचलायची तेवढी झाली.

आणि तुम्ही, ना ओळख ना पाळख, कुणीतरी नुसता नंबर दिलेला, तर बेळगावहून पहिल्या बसनं आलात, "मी शिकवायला नाही आलो, पोरांच्यात बसायला आलोय" म्हणालात आणि मागच्या बाकावर जाऊन टेकलात. गुडघे मावत नव्हते तुमचे त्या बाकात.

प्रकाशसंश्लेषण चाललेलं. तुम्ही हात वर करून माझी परवानगी घेतलीत (माझी! मला तर हसूच आलं) आणि पोरांना विचारलंत, लावताना ऊसाची कांडी एवढीशी असते, तोडताना मोळी उचलंना होते, मग हे वजन आलं कुठनं? आणि गप्प बसलात. वर्ग पण गप्प. मी सांगायला तोंड उघडणार तर तुम्ही लांबनंच बोटानं थांबवलंत. मागनं वाचलं की मेरी बड रो म्हणून अमेरिकेतल्या एका बाईंनी हेच मोजलेलं, शिक्षक प्रश्न टाकून जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच तीन सेकंद थांबले तर पोरं मोठी उत्तरं देतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. ट्रेनिंगमध्ये हे एका वाक्यात सांगता आलं असतं की नाही?

शेवटी आमचं एक पोरगं, जे हजेरीला सोडून तोंड उघडत नाही, ते म्हणालं, "पाण्यातनं येतंय की सर, पाणी पाजलं की ऊस वाढतोय." सगळी हसली. तुम्ही उठलात, फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत, 'येतंय की' सकट, आणि सांगितलंत की ब्रसेल्सचे व्हॅन हेल्मोंट म्हणून मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांनी सुमारे 90 किलो वाळवलेल्या मातीत विलोचं रोप लावलं, 5 वर्षं नुसतं पाणी घातलं, सव्वादोन किलोचं रोप 76 किलोच्या वर गेलं आणि माती कमी झाली ती 60 ग्रॅमच्या आतच, आणि त्यांनी पण हेच ठरवलं की सगळं पाण्यातनं आलं, 1648 साली पुस्तकात छापून आलंय. "म्हणजे हा काय ऐरागैरा बोललेला नाही." ते पोरगं कानापर्यंत लाल.

तास संपला तर डस्टर तुमच्या हातात. सगळा फळा पुसलात, माझी पानाची आकृती पण गेली, खरं त्याचं वाक्य तेवढं राखलंत. पुसताना त्याच्या कडेकडेनं डस्टर फिरवलंत, अक्षराला धक्का न लावता. सर, मी बीएड केलंय, पाठ टाचणं ढिगानं काढलीत, खरं चुकीच्या उत्तराला एवढं जपताना कुणाला बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी पण ते वाक्य सोडूनच गणितं घातली.

पुढच्या खेपेला त्याच पोरानं गुऱ्हाळावरनं वाळलेलं चिपाड आणलं, चुलवाणात घालतात ते. रसातलं पाणी तर गेलेलंच, तरी चिपाडाला वजन आहेच की. घमेल्यात जाळलं, राख मूठभर पण भरली नाही. मातीनं दिलेलं जवळजवळ एवढंच, मग बाकीचं? या वेळी मी पण थांबले. एक पोरगी हळूच म्हणाली, हवेतनं? मग कार्बन डायऑक्साइड पोरांनीच फळ्यावर आणला, आणि पाण्याचा पण वाटा आहे म्हणून ते पोरगं भांडलं, बरोबरच भांडलं.

हुशार माणसं आपल्याकडं ढिगानं आहेत, बेळगावात तर जरा जास्तच. खरं समोरच्याला लहान न करता शिकवणारा माणूस भेटायला नशीब लागतं. तुम्ही पोरांसमोर मला एकदा पण टोकलं नाहीत, जे सांगायचं ते बस स्टॉपवर सांगितलंत, ते पण "मी असं करत होतो बघा" म्हणून. भाड्याचे पैसे घेतले नाहीत, डबा तेवढा खाल्लात.

आता विद्युतचा धडा येतोय. सेल, वायरी, टॉर्चचे बल्ब पोरांनी गोळा केलेत, आणि बल्बपर्यंत जाऊन करंट संपतो की नाही यावर वर्गात दोन पार्ट्या पडल्यात, दोन्हीकडची वाक्यं फळ्यावर आहेत. शनिवारी सकाळची शाळा असते, रविवार धरून येऊ नका परत, गेट बंद असतंय.

तुमची,
गेस्ट टीचर